रात्रीच्या लग्नांच्या शहरात सकाळचा मुहूर्त

इंदुरात लग्न म्हणजे रात्रीचं काम. वरात नऊला हलते, जेवणं अकराला रंगात येतात आणि फेरे पडेपर्यंत निम्मे पाहुणे घरी जाऊन झोपलेले असतात. मराठी घरं आणि आणखी थोडीफार मंडळी सोडली तर शहराचा हाच शिरस्ता, आणि लग्नाचा सगळा धंदाही त्यावरच बसलेला. गार्डनवाले, हलवाई, लायटिंगवाले, फोटोवाले सगळे दुपारी उठतात आणि संध्याकाळी कामाला लागतात. आमचा मुहूर्त होता सकाळी अकराच्या सुमाराचा. म्हणजे नाश्ता साडेसातला, गौरीहर नऊला आणि स्टेज त्याच्याही आधी तयार. माणसं निवडताना मी आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याने किंमती, फोटो, इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ हे सगळं बघितलंच, पण प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच टाकला, "सकाळी सहाला तुमच्याकडून कोण येणार?"

एक डेकोरेशनवाला मनमोकळं हसला. "मॅडम, सुबे छे बजे तो अपन पिछली शादी समेट के सोने जाते हैं." तो निदान खरं बोलला. बाकीचे बरेचजण "हो जाएगा, टेंशन मत लो" म्हणाले. थोड्यांनीच एखाद्या माणसाचं नाव घेतलं आणि त्याचा मोबाईल नंबर तिथल्या तिथे लिहून दिला. पुढची बोलणी आम्ही त्यांच्याशीच केली.

तारखेने आम्हाला मोठा हात दिला. इकडचे महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात इकडचा महिना आपल्या पुढे असतो. 2024 मध्ये 15 डिसेंबरला पौर्णिमा झाली की शेजारच्या शर्मा-वर्मांकडे पौष लागणार होता, आणि आमचा मार्गशीर्ष मात्र 30 तारखेच्या अमावास्येपर्यंत चालणार होता. त्यात सूर्य धनू राशीत गेला की त्यांचा खरमास लागतो, तो संक्रांतीपर्यंत. त्या काळात त्यांच्याकडे लग्न करत नाहीत. आपल्या पंचांगात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुहूर्त होते. तेव्हा आम्ही उभे होतो ते अशा आठवड्यात, जेव्हा शहरातले सगळे हॉल, कॅमेरे आणि कढया रिकाम्या होत्या. देवउठनीला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, लग्नांच्या गर्दीत जो माणूस फोन उचलत नाही, तोच या आठवड्यासाठी चहा मागवून समोर बसतो. घासाघीस करायला मी तशी कच्ची आहे, पण इथे फारशी करावीच लागली नाही.

या स्वस्ताईला दोन छिद्रं होती. एक म्हणजे कामगार. खरमासात काम नसतं म्हणून वाढपी आणि मांडववाल्यांची पोरं गावी जातात. मालक मोकळा असतो, पण त्याच्याकडे माणसं नसतात. म्हणून सहाला "कोण" येणार हे विचारणं आणखीच गरजेचं झालं. दुसरं म्हणजे खोल्या. वर्षअखेरीला उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गर्दी लोटते, देवळाभोवतीचा महाकाल लोक हा नवा परिसर झाल्यापासून तर विचारूच नका, आणि त्यातले कितीतरी लोक मुक्कामाला इंदूर गाठतात. सासरची मंडळी ग्वाल्हेरची. डिसेंबरात ग्वाल्हेरकडून येणारी गाडी धुक्याने किती उशिरा येईल याचा नेम नाही, म्हणून वऱ्हाड आदल्या सकाळी पोचेल असाच हिशेब धरायचा होता. हॉलवर वाचलेले बरेचसे पैसे हॉटेलात गेले. सगळ्यात आधी खोल्या घ्या, हे मी कुणालाही सांगेन. आम्ही तारीख पक्की झाल्याच्या संध्याकाळीच घेतल्या, तरी दर ऐकून बाबांनी चष्मा काढून पुसला.

हॉलचा निर्णय लवकर झाला. मैरिज गार्डन दिसायला झकास असतात, पण डिसेंबरच्या सकाळी हिरवळ दवाने ओली असते आणि नऊवारी नेसून त्यावर उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. रात्रीच्या रोषणाईसाठी उभारलेली ती मोठी कमान सकाळच्या उन्हात नुसतं प्लायवूड दिसते. छप्पर असलेला, मोठ्या खिडक्यांचा हॉल बघितला. भाड्याचे तास आदल्या दुपारपासून मोजायला लावले, म्हणजे सीमांतपूजन तिथेच करता आलं. जनरेटर, पाणी, सफाई आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचे वेगळे डबे कुणाकडे, हे पावतीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. इंदुरात कचऱ्याच्या बाबतीत कुणी हलगर्जी करत नाही, पण उचलायचा कुणी यावरून भांडणं होतात.

गुरुजी खरं तर हॉलच्याही आधी ठरले. पैसे दिले की मिळतील अशी ही व्यवस्था नाही. मराठी पद्धतीने सगळं नीट सांगणारे गुरुजी शहरात आहेत, पण मुहूर्ताच्या दिवशी प्रत्येकाला दोन-दोन ठिकाणांहून बोलावणं असतं. आम्ही स्पष्ट विचारलं, "त्या दिवशी दुसरीकडे आहे का?" ते म्हणाले, "दुपारी एक आहे. पण सप्तपदी होईपर्यंत मी हलत नाही." त्यांच्या साहित्याच्या यादीत लाजाहोमासाठी साळीच्या लाह्या होत्या. इकडे त्यांना खील म्हणतात आणि बाजारात दिवाळीला त्यांचे ढीग लागतात. गुरुजींनीच सुचवलं, दिवाळीत घेऊन डब्यात भरून ठेवा, डिसेंबरात शोधत बसू नका. अशा बारक्या सूचना देणारा माणूस भेटला की निम्मी काळजी मिटते. पत्रिका छापून आल्यावर पहिली अर्थातच खजराण्याच्या गणपतीला ठेवली. तिथे कुणाचा मराठी-हिंदी वाद नसतो.

आता जेवण. यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. इंदुरात दोन पद्धती चालतात. एक प्लेटची: केटरर माणशी दर सांगतो, सगळं सामान त्याचं. दुसरी जुनी: सियागंजच्या घाऊक बाजारातून किराणा आपण भरायचा, आचारी आणि त्याची माणसं फक्त मजुरी घेणार. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिली पद्धत बरी वाटत होती, कारण ती फाईलमध्ये नीट बसते. माझे काका दुसरीच्या बाजूने. आम्ही दोन्हीकडे चव घ्यायची ठरवली आणि परीक्षेला एकच पदार्थ ठेवला, मसालेभात.

पहिल्या केटररने काचेच्या सुंदर भांड्यात आणला. पिवळाधमक, वर काजू, आत पनीरचे चौकोन आणि चक्रीफूल. चवीला वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात मी तो आनंदाने खाल्ला असता. पण माझ्या आत्याने दोन घास घेऊन चमचा खाली ठेवला आणि काहीही बोलली नाही, तेव्हाच तो बाद झाला. केटररचा काही दोष नव्हता. सकाळच्या पंगतीत वरण-भातानंतर येणाऱ्या भाताचं काम काय असतं, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

दुसरा आचारी साठीतला, गणेशोत्सवाच्या महाप्रसादाचा स्वयंपाक करणारा. त्याच्याकडे ना ब्रोशर ना ऑफिस. आम्ही गेलो तेव्हा तो कुणाच्या तरी मुंजीच्या तयारीत होता आणि मोठ्या पातेल्यासमोर उकिडवा बसून तेलात हिंग टाकत होता. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याने एकच विचारलं, "तोंडली उभी चिरायची का गोल? तुमच्याकडे कशी करतात?" मी आणि आई एकमेकींकडे बघितलं. गोडा मसाला घरचा देऊ का, असं आईने विचारल्यावर म्हणाला, "द्या ना. पण माणसांच्या हिशेबाने द्या, बरणीभर देऊन चालायचं नाही." मग त्याने आमच्या यादीवर हात चालवला. थंडीत मठ्ठा कुणी पिणार नाही, तो चौथाई करा आणि गरम कढी ठेवा. जिलबी आणि श्रीखंड दोन्ही नको, जिलबी सकाळच्या नाश्त्याला येतेच आहे. अळूची पानं त्या दिवशी बघून घेऊ, नाहीतर पालकाची पातळ भाजी. ज्याला आपल्या यादीतून पदार्थ काढायला सांगता येतं, तो स्वतःच्या बिलापुरता विचार करत नाही.

तेव्हा लग्नाचं जेवण त्याच्याकडे गेलं, आणि सामानाची कोठी काकांकडे. कोठीवर घरचा माणूस नसेल तर ही पद्धत घेऊ नका. तुपाचे डबे, काजू, साखर याचा हिशेब आचाऱ्यावर टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. काकांनी किल्ली जानव्याला बांधली आणि दोन दिवस कोठीबाहेर पडले नाहीत. किराणा दुकानदाराशी आधीच बोलून ठेवलं होतं की सीलबंद तेलाचे डबे आणि न फोडलेली पोती परत घेणार. त्याने घेतली. वाढपी मात्र वेगळे ठरवावे लागतात. ज्येष्ठांसाठी एक पंगत आणि बाकीच्यांना बुफे, असं केलं. पंगतीला वाकून वाढता येणारी पोरं आता कमी मिळतात. ती आचाऱ्यानेच आणली.

आदल्या रात्रीच्या सीमांतपूजनाचं जेवण प्लेटच्या हिशेबाने घेतलं, कारण तेव्हा कोठी उघडायची नव्हती. प्लेटच्या कामात लक्ष द्यायच्या गोष्टी वेगळ्या. किमान किती प्लेटचे पैसे द्यावेच लागणार, त्याला ते "गारंटी" म्हणतात, तो आकडा आपल्या अंदाजापेक्षा खालचाच ठेवायचा. वर गेल्या तर दर तोच राहील, हे कबूल करून घ्यायचं. ड्रायव्हर, फोटोवाले, वाजंत्री यांच्या प्लेटा निम्म्या दराने. आणि मोजणी. प्लेटा धुऊन परत लावल्या की मोजणीला काही अर्थ राहत नाही, म्हणून जेवण सुरू व्हायच्या आधी थप्प्या मोजून आमच्या एका भावाची आणि त्यांच्या एका माणसाची सही घेतली. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा 14 आकडी नंबर आहे का ते बघितलं. केटरिंगवर 5 टक्के जीएसटी लागतो, डेकोरेशनवर 18. सगळे पहिला दर जीएसटीशिवाय सांगतात, तेव्हा तुलना करताना दोन्ही दर एकाच पट्टीने बघा, नाहीतर स्वस्त वाटलेला माणूस शेवटी महाग पडतो.

नाश्त्याची गंमत वेगळीच. सकाळी सहाला उठून उभं राहणारा एकच व्यावसायिक इंदुरात आहे आणि तो म्हणजे पोहेवाला. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या माणसाला विचारलं, सहाला येणार का. तो म्हणाला, "हम तो चार बजे उठ जाते हैं, दीदी. पहले बोलो लोग कितने हैं." वाफेवरचे पोहे, वर जिरावन मसाला, शेव, शेजारी जिलबीची कढई. ग्वाल्हेरच्या वऱ्हाडाने नाश्त्यालाच इतकं कौतुक केलं की आत्या जरा हिरमुसलीच, तिने वर्षभर मसालेभाताची काळजी केली होती.

फोटोवाल्यावरून आमच्या दोघांत खरी चकमक झाली. होणाऱ्या नवऱ्याला सिनेमासारखे व्हिडिओ करणारी मोठी टीम हवी होती. मला हवा होता तो मराठी लग्न आधी बघितलेला माणूस. मिटलं ते असं. आम्ही निवडक अल्बम बघणं बंद केलं आणि प्रत्येकाकडे एका सकाळच्या लग्नाचं पूर्ण फोल्डर मागितलं, न निवडलेलं, न सजवलेलं. काहींनी दिलंच नाही. मोठ्या टीमने दिलं. त्यात वरमाला तीनदा घातली होती, तीन कोनांतून, आणि मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर होतो त्या जागी फक्त गुरुजींच्या पाठीचा फोटो होता. रात्रीच्या लग्नात जयमालेला स्टेजवर थांबवता येतं, "एक बार फिर से" म्हणता येतं. इथे घटिका भरली की भरली.

ज्याला काम दिलं त्याच्या फोल्डरमध्ये त्याच क्षणाचे ओळीने फोटो होते. पहिल्यात कापडाच्या खालच्या कडेशी नवऱ्याची पावलं आणि तांदळाचे दाणे, दुसऱ्यात कापडाला सुरकुती पडलेली, तिसऱ्यात अक्षता हवेत आणि मुलीचे डोळे अजून खालीच. त्याने दोन कॅमेरे अंतरपाटाच्या दोन बाजूंना ठेवले होते. आणि आम्हाला विचारलं, "पर्दा किस साइड खिंचेगा? पंडितजी से पूछ के बता देना, मैं उधर खड़ा नहीं रहूँगा." माझा नवरा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "यालाच देऊ." कराराचं बोलायचं तर तीन गोष्टी लिहून घेतल्या. कॅमेरा हातात घेऊन स्वतः हाच माणूस येणार, त्याचा भाऊ किंवा असिस्टंट नाही. मूळ फोटो आमच्या हार्ड डिस्कवर आठवड्याभरात. शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच. कानपिळी, सूनमुख, झाल यांची वेळेप्रमाणे यादी मीच करून दिली, कारण हे कधी होऊन जातं ते घरच्यांनाही कळत नाही.

डीजे घेतलाच नाही. साऊंडवाला मात्र निवडून घेतला. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला एक आत्या, दोन मावश्या आणि ग्वाल्हेरच्या एक आजी तयार होत्या, आणि प्रत्येकीची चाल वेगळी. त्यांना लागणारा माईक आणि नाचगाण्याला लागणारे भोंगे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन कॉर्डलेस आणि एक वायरचा माईक, वायरचा गुरुजींकडे, एवढंच आम्हाला हवं होतं, आणि तेवढ्या कामासाठी यायला तयार होणारा माणूस शोधायला मोठ्या सिस्टीमवाल्यापेक्षा जास्त वेळ लागला. हॉलच्या मॅनेजरने सनईची रेकॉर्ड वाजवायची तर संगीताच्या लायसन्सचे पैसे भरा म्हणून सांगितलं. नवऱ्याने त्याला कॉपीराइट कायद्याचं कलम 52 (1) (झेडए) दाखवलं, ज्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ सुटतात, आणि जुलै 2023 मध्ये केंद्राने काढलेली त्याबद्दलची सूचनाही. मॅनेजर म्हणाला, ऊपर पूछना पड़ेगा. परत काही मागितलं नाही.

मेकअप, मेंदी यावर फार लिहिण्यासारखं नाही. पहाटे यायचे जास्त पैसे घेतात, द्यावेत. नऊवारी नेसवायला मात्र मेकअपवालीवर विसंबू नका. शिवलेली नऊवारी घालणं निराळं आणि मामाकडची अष्टपुत्री नेसवणं निराळं. आईच्या ओळखीच्या एक काकू आल्या, पंधरा मिनिटांत नेसवून चहा पिऊन गेल्या.

एक भानगड टाळली त्याचं मात्र श्रेय घेईन. सासऱ्यांच्या एका मित्राचा मुलगा लग्नाचं सगळं काम घेतो. "घरचाच आहे, कमी करेल." घरच्या माणसाला सहाला कोण येणार हे विचारता येत नाही, आणि नाही आला तर रागावताही येत नाही. हे सांगायचं कुणी यावर बराच खल झाला. शेवटी नवऱ्यानेच सांगितलं, की तुम्ही पाहुणे म्हणून या. तो आला, मोठा आहेरही केला.

फुलांचं काम आणि स्टेज एकाच माणसाला दिलं होतं. या आठवड्यात लग्नं नसल्याने फुलं स्वस्त होती, आणि पहाटे चोइथरामच्या मंडीतून ताजी आणायची असं ठरलं होतं. नाव-नंबर लिहून देणाऱ्यांपैकीच तो एक. झालं असं, की नाव दिलेला माणूस सहाला हजर होता, पण एकटाच. बाकीची पोरं गावाहून परतलीच नव्हती. गौरीहर सुरू झालं तेव्हा स्टेजची डावी बाजू बांधायची होती आणि माझे दोन मावसभाऊ सोवळ्याच्या पितांबरात शिडीवर चढून झेंडू लावत होते. फुलं उत्तम होती. मुहूर्ताच्या आधी स्टेज झालंही. मालक दहाला उगवला आणि हात जोडले. ठरलेल्या पैशांतून मजुरीचा भाग कापला, त्याने कुरकुर केली नाही.

फोटो आठवड्याभरात आले, अल्बमला आमच्याचकडून उशीर झाला, कारण दोन्ही घरच्या आयांचं एका पानावर एकमत होईना. ग्वाल्हेरच्या नणंदेचं आता इंदुरातच जमतंय आणि तिने सगळ्यांचे नंबर मागितले. गुरुजी, आचारी, फोटोवाला, साऊंडवाला आणि पोहेवाला असे पाठवले. फुलवाल्याचाही पाठवला, पण तिचा मुहूर्त फेब्रुवारीतला आहे, तेव्हा त्याची पोरं गावी नसतील असं खाली लिहिलं. खरमासात असता तर पाठवला नसता.